शेवटच्या नळाचा दाखला

मुरमेवाडीत चारशे बारा नळ आहेत आणि चारशे बाराव्या नळाला पाणी येत नाही. ही परिस्थिती सर्वसाधारण असल्यामुळे तिच्याविषयी कुणी काही बोलत नव्हतं. नळ बसवला तेव्हा त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता आणि नळाशेजारी घरमालकीण सारजाबाईला उभं करून तिचा हसरा फोटो काढला होता. तो फोटो वर गेला आणि मुरमेवाडी हे शंभर टक्के नळजोडणीचं गाव म्हणून जाहीर झालं. फोटोत नळातून पाणी पडताना दिसतं. ते पाइपात उरलेलं चाचणीचं पाणी होतं, दीड कळशी भरलं. सारजाबाईनं त्यात संध्याकाळचा भात लावला.

गाव बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. टाकी वरच्या अंगाला, मुरमाच्या टेकाडावर. टाकीच्या पायथ्याशी सरपंच यशराजदादांचा बंगला. तिथून पाइप निघतो, पेठेतून खाली उतरतो, देवळाला वळसा घालतो आणि खालच्या आळीत सारजाबाईच्या दारात संपतो. वाटेत ज्याच्या त्याच्या नळाला मोटर. गेणबा वॉलमन रोज सकाळी टाकीचा वॉल फिरवायचा, की वरच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या, आणि खाली सारजाबाईच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. नियमानं बघितलं तर तिलाही रोज पाऊण तास पाणीपुरवठा होत होता. वेळेच्या बाबतीत गावात कुणावरही अन्याय नव्हता.

सारजाबाई आणि तिची मागची शेजारीण जयवंता रोज सकाळी पिंपळीच्या वाटेवरच्या विहिरीवरून हंडे आणायच्या. जयवंताला तर नळच नव्हता. ती सारजाबाईच्या परसामागं, गायरानात, पत्र्याच्या खोलीत राहायची. गायरानातली घरं यादीत नव्हती, त्यामुळे ती शंभर टक्क्यांच्या बाहेर मोडत होती. दोघींनी मिळून त्या विहिरीचा दोर दोनदा बदलला होता. पाय घसरला तर एकीनं दुसरीला धरायचं, हा त्यांचा करार वीस वर्षं जुना होता.

हे असंच चाललं असतं. पण सारजाबाईच्या ओवीला सातवा लागला.

ओवी ही सारजाबाईची एकुलती एक लेक. नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या रानात खुरपून तिनं या पोरीला बारावीपर्यंत शिकवलं आणि बारामतीत चांगल्या घरात दिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. ओवीची सासू इंदिराताई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि फार गोड बोलत. गोड बोलणाऱ्या माणसाला उत्तर देता येत नाही, ही सारजाबाईची अडचण होती.

"विहीणबाई, बाळंतपण तुमच्याकडंच व्हायला हवं, मला मान्य आहे," इंदिराताई फोनवर म्हणाल्या. "फक्त घरात पाणी हवं. तुम्ही हंडे घेऊन विहिरीवर गेल्यावर बाळंतिणीजवळ कोण बसणार? नळाला पाणी आलं की कळवा. आम्ही गाडीनं आणून सोडू. नववा लागायच्या आत मात्र."

मग ओवीनं फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "आई, मला तुझ्याकडंच यायचंय." सारजाबाईनं दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसलं आणि इंदापूरची एसटी धरली.

इंदापुरात बाजाराच्या मागं, एका दुकानाच्या माडीवर समन्यायी पाणीवितरण कक्ष नावाचं नवं कार्यालय उघडलं होतं. पाणी सर्वांना सारखं मिळावं यासाठी ते होतं. कक्षाला स्वतःचा नळ नव्हता, प्यायच्या पाण्याचा जार खालच्या दुकानातून यायचा. कक्षप्रमुख अविराजसाहेब कालव्याच्या कामात बावीस वर्षं काढून इथं बदलून आले होते. नळातलं आपल्याला काही कळत नाही, हे ते मोकळ्या मनानं सांगत. कालवा मात्र त्यांना तोंडपाठ होता.

"तुम्ही हेडला का टेलला?" त्यांनी विचारलं.

या दोन तालुक्यांत हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेली रानं हेडची, शेवटाची टेलची. हेडचे लोक पाणी उपसतात आणि टेलचे लोक मोर्चे काढतात.

"टेललाच म्हना की सायेब. माझ्या फुडं पाइप न्हाय," सारजाबाई म्हणाली.

"मग सोपं आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बावीस वर्षांनी तरुण झाला. "कालव्यात आम्ही काय करतो? आधी टेलला भिजवायचं, मग वर वर सरकत हेडला यायचं. टेल टू हेड. नळाला हे कुणी लावलंच नाही आजपर्यंत."

आदेश तिथंच टाइप झाला. 'मौजे मुरमेवाडी येथील पाणीपुरवठा यापुढे टेल टू हेड या तत्त्वाने करण्यात यावा. शेवटच्या नळास सर्वप्रथम पाणी द्यावे व त्याची गरज भागल्यावरच त्यावरील नळांचे वॉल खोलावेत. शेवटचा नळ म्हणजे ज्याच्यापुढे पाइप जात नाही असा नळ.' त्यासोबत सारजाबाईला गोल शिक्क्याचा एक दाखलाही मिळाला. त्यावर लिहिलं होतं की धारक ही मौजे मुरमेवाडीच्या शेवटच्या नळाची ग्राहक आहे.

आणि काय सांगावं, पाणी आलं. गेणबानं वरचे सगळे वॉल बंद केले आणि टाकी एकट्या सारजाबाईसाठी सोडली. नळातून आधी हवा आली, मग गंज आला, मग एक मेलेली पाल आली आणि त्यानंतर बोटभर धारेचं स्वच्छ पाणी. सारजाबाईनं हंडे भरले, पातेली भरली, परात भरली. जयवंताचा पिंप भरला. दोघी नळासमोर बसून राहिल्या. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी सारजाबाईनं बारामतीला फोन लावला आणि इंदिराताईंनी पंचांग बघून पुढचा मंगळवार धरला.

वर मात्र गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सारजाबाईचं भरून झाल्यावर पाणी टप्प्याटप्प्यानं वर येत होतं, सगळ्यांना मिळत होतं, पण आपल्या आधी खालच्या आळीला मिळतं हे कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. तातडीची ग्रामसभा बसली. लोक तापले होते. सरपंच यशराजदादा तेवढे शांत होते. ते कृषी पदवीधर असून त्यांना वाचनाची आवड होती, आणि त्यांनी आदेश शेवटपर्यंत वाचला होता.

"आदेश चांगला हाय," ते म्हणाले. "गरिबाच्या बाजूचा हाय. आपन त्याला विरोध करायचा न्हाय. पन ह्यात शेवट खालच्या आळीलाच असला पायजे असं कुठं लिवलंय? ज्याच्या फुडं पाइप जात न्हाय, त्यो शेवट. गावासाठी शेवटाला जायला मी तयार हाय."

गावच्या पहिल्या माणसानं आपण होऊन शेवटाला जाण्याचा असा त्याग मुरमेवाडीनं प्रथमच पाहिला. टाळ्या पडल्या. ठराव एकमतानं झाला आणि सोमवारी सकाळी जेसीबी आला. सारजाबाईच्या दारातून पाइप पुढं निघाला, ओढ्याच्या कडेनं गेला, शाळेमागून वर चढला आणि सरपंचांच्या बंगल्यात जाऊन संपला. बंगल्याचं जुनं कनेक्शन तोडलं नाही. ते आणीबाणीसाठी राखीव ठेवण्यात आलं. पाइप आपल्या दारातून पुढं जातो म्हणजे आता पाणी जोरात येणार, असं वाटून सारजाबाईनं खोदणाऱ्यांना दोनदा चहा पाजला.

मंगळवारी गेणबानं नियमाप्रमाणे आधी शेवटचा नळ सोडला, म्हणजे बंगल्याचा. बंगल्याची जमिनीतली टाकी भरली, गच्चीवरची भरली, मग बाग भिजली, मग शेततळ्यात पाइप सोडला. शेवटच्या नळाची गरज भागल्याशिवाय बाकीचे वॉल खोलता येत नव्हते, आणि शेततळ्याची गरज काही भागत नव्हती.

"इहीनबाई, दोन दिस थांबा," सारजाबाई फोनवर म्हणाली.

दोन दिवसांत माजी सरपंच जागे झाले. विद्यमान शेवटाला जातो म्हणजे काय? त्यांनी बंगल्यापासून पुढं पाइप नेला आणि आपल्या गोठ्यात संपवला. आता शेवट ते झाले. मग डेअरीचे चेअरमन शेवट झाले. मग दोन मास्तर एकत्र वर्गणी काढून शेवट झाले आणि आठ दिवसांत त्यांचं आपसांत फाटलं. प्रत्येक जण आधीच्या शेवटाच्या पुढं आपला शेवट जोडत होता आणि इंदापूरला जाऊन दाखला आणत होता. दाखला एकदा दिला की तो रद्द करायची तरतूद नव्हती. त्यामुळे महिना उलटायच्या आत गावात शेवटचे नळ एकशे अठरा झाले.

लग्नाच्या बायोडाट्यात शेती, नोकरी यांच्या खाली 'नळ : टेल' अशी ओळ येऊ लागली. लोणी देवकरच्या कारखान्यात कायम असलेल्या एका मुलाचं स्थळ नुसत्या हेडच्या नळावरून मोडलं. 'टेल परिवार मुरमेवाडी' या नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, त्यावर रोज सकाळी वंचितांच्या हक्कांविषयी सुविचार पडत. पाइपानं तोवर गावाला तीन वेढे घातले होते. तिन्ही वेढे सारजाबाईच्या दारावरून जात. उंबऱ्यावर बसलं की जमिनीतून गावाचं सगळं पाणी खळखळत जाताना ऐकू यायचं. सारजाबाई आणि जयवंता पुन्हा विहिरीवर जाऊ लागल्या.

ओवीला आठवा लागून पंधरा दिवस झाले तेव्हा अविराजसाहेब पाहणीसाठी आले. त्यांच्याबरोबर नकाशा आणि शंभर मीटरची फीत होती. सारजाबाईला देव भेटल्यासारखं झालं. ती त्यांच्या मागं मागं गावभर फिरली. साहेबांनी टाकीपासून पाइपावर फीत धरून एकेका नळाचं अंतर मोजलं, वहीत आकडे मांडले आणि संध्याकाळी चष्मा पुसत तिच्याकडं बघितलं.

"बाई, तुम्ही आमची दिशाभूल केलीत."

"मी?"

"तुमचा नळ टाकीपासून सहाशे चाळीस मीटरवर आहे. सरपंचांचा दोन हजार नऊशेवर. डेअरीच्या चेअरमनांचा तर चार हजारांच्या पुढं. शेवटचं कोण मग?"

"सायेब, सरपंचांच्या डोस्क्यावर टाकी हाय. त्यांच्या गच्चीवरनं टाकीला हात लागतो."

"हात लागत असेल. पाणी हातानं येत नाही, पाइपानं येतं. पाइपाच्या हिशोबानं एवढ्या मोठ्या वितरणात तुम्ही अगदी तोंडाशी आहात. सगळ्या गावाचं पाणी तुमच्या दारावरून जातं. तुम्ही हेडला आहात बाई. आणि हेडच्या लोकांनी पाणी अडवायचं हे मी बावीस वर्षं बघत आलोय."

त्यांच्या आवाजात खरोखरच दुःख होतं. त्यांनी सारजाबाईचा नळ तारेनं बांधून त्याला लाखेचं सील लावलं, आणि तिच्या दारावर नोटीस चिकटवली : 'आपण हेडच्या लाभधारक असल्याने टेलच्या बांधवांसाठी संयम पाळावा.' दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर निघाली तेव्हा पेठेतल्या बायका ओट्यावर धुणं धूत बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "चालली बघा हेडची बाई. दाराम्होरनं तीन तीन पाइप, तरी मन भरत न्हाय." सारजाबाईच्या डोक्यावर दोन हंडे होते. त्यामुळे तिला खाली बघता आलं नाही, रडताही आलं नाही.

इंदिराताईंचा फोन आला. त्या नेहमीसारख्याच गोड होत्या. आठ दिवस राहिलेत, नाहीतर आम्ही इथल्या दवाखान्यात नाव घालतो, वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणाल्या. पलीकडं ओवी नाक ओढत होती ते ऐकू आलं.

उपाय गेणबानं काढला. तो दहावी नापास असला तरी गावातला एकेक सांधा त्यानं हातानं आवळला होता. तो सारजाबाईच्या परसात उभा राहिला आणि भिंतीपलीकडं बोट दाखवून म्हणाला, "आक्का, सगळ्यात शेवटचा नळ आता कुठं हाय, ठावं हाय? सोसायटीच्या चेअरमनानं तिसरा वेढा तुझ्या मागच्या बखळीत आनून सोडलाय. तितं घर न्हाय, गोठा न्हाय, नुस्ता नळ रवलाय दाखल्यासाठी. तितनं तुझी भित चाळीस फूट. म्होरल्या दारानं तू हेड हाईस. मागल्या दारानं टेल हो की. पाइपाचा तुकडा माझ्याकडं उरलाय."

अर्ज गेला. अविराजसाहेबांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि एका कालव्याच्या जुन्या प्रकरणाचा आधार घेऊन मंजुरी दिली. 'एकाच घरात हेड व टेल दोन्ही असणे नियमबाह्य नाही. मात्र दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवू नयेत.' एकशे एकोणिसावा दाखला सारजाबाईला मिळाला. सोसायटीच्या चेअरमननी पुढं पाइप न्यायची तयारी केली होती, पण त्यांचे जागेचे कागद नेमके कोर्टात अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाईच्या मागच्या दारात पाणी आलं, गावात सगळ्यांच्या आधी. आता नियम तिच्या बाजूनं होता आणि तिची गरज भागेपर्यंत एकशे अठरा टेलबांधव कोरडे बसत होते. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. दोन हंडे जास्तच भरले तिनं त्या दिवशी.

ओवी आली. इंदिराताईंनी स्वतः नळ तीनदा सोडून बघितला, आणि मग पोरीची पिशवी घरात ठेवली. वीस दिवसांनी ओवीला इंदापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघींना घरी आणल्यावर सारजाबाईनं नातीला पहिली अंघोळ घातली, भरपूर पाण्यानं, हात न आखडता. इतकं सुख तिला आयुष्यात फार वेळा मिळालं नव्हतं. परसातल्या दोरीवर दुपट्यांची रांग वाळत राहिली.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी जयवंता एक कागद घेऊन परसात आली. तान्हीच्या पायाला तिनं बोट लावलं, ते आपल्या कपाळाला टेकवलं आणि म्हणाली, "सारजे, माझ्या खोलीपतुर चौदा फूट पाइप लागतोय. गेणबा टाकून देतो म्हनतोय. गायरानातल्याबी घरानं अर्ज केला तर चालतंय, इंदापूरच्या सायबाला इचारून आले मी. फकस्त तुझी सही पायजे, हरकत न्हाय म्हनून."

सारजाबाईनं कागद घेतला. चौदा फूट. म्हणजे शेवटचा नळ जयवंताचा. जयवंताचा एक पिंप, दहा मिनिटांत भरेल. पण जयवंताच्या मागं अजून अकरा खोल्या होत्या, त्यांना कोण अडवणार? आणि मग एखाद्या सकाळी मागच्या दाराचीही मोजणी झाली तर? घरात ओवी मुलीला पाजत होती. इंदिराताई रविवारी यायच्या होत्या.

"तू हंडा घिऊन येत जा की जयवंता," ती म्हणाली. "मी कवा न्हाय म्हनलंय का?"

"हंडा तर मी इहिरीवरनंबी आनते," जयवंता म्हणाली. "मी नळ मागतीया."

"बाळ वाईच मोठं होऊ दे. मग बघू आपन."

जयवंतानं कागद परत घेतला. तिनं त्याची घडी घातली आणि बखळीतून निघून गेली. सारजाबाईला लाज वाटली. नाही असं नाही, चांगली दोन दिवस वाटली, भाकरी गोड लागेना. पण दुपट्यांना पाणी लागतंच, आणि तिसऱ्या दिवशी तिनं गेणबाला सांगून परसाच्या भिंतीवर दोन थर विटा चढवून घेतल्या. विहिरीवर जयवंता आता एकटी जाते.

दरम्यान, एकाच गावात एकशे एकोणीस शेवट कसे, अशी विचारणा वरून झाली. अविराजसाहेबांनी एक सोपा नमुना छापला आणि प्रत्येक नळधारकाला वाटला. त्यात एकच प्रश्न होता : 'आपल्या पुढे पाण्यावाचून कोणी राहिले आहे काय?' सरपंचांनी लिहिलं, कोणी नाही. दोन्ही मास्तरांनी लिहिलं, कोणी नाही. सारजाबाईला लिहायचा सराव नव्हता, तिनं ओवीकडून तेच लिहून घेतलं आणि खाली सही केली. जयवंताला नमुना मिळाला नाही, कारण तिला नळ नव्हता. मग तो नमुना दोन्ही तालुक्यांत फिरला, सगळीकडून तेच उत्तर आलं, आणि पाण्यावाचून कोणीही उरलं नसल्याचा अहवाल सादर होऊन साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

आता तो नमुना शहरांत वाटणार आहेत असं ऐकतो. तुमच्याकडंही येईल. भरायला दोन मिनिटं लागतात, मागच्या दारापर्यंत जाऊन बघावं लागत नाही, जिन्याखालच्या वॉचमनच्या खोलीत नळ आहे का तेही कुणी विचारत नाही. उत्तरासाठी एकच ओळ सोडली आहे. ती आजवर कुणाला कमी पडलेली नाही.